65 अंशांचा फरक

पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळते, इथर 34.6 अंशांना. या 65 अंशांनी हिवतापावरचे औषध आर्टेमिसिनिन मिळवून दिले, असे सांगितले जाते. 2023 मध्ये जगात हिवतापाचे अंदाजे 26.3 कोटी रुग्ण होते, 2022 पेक्षा 1.1 कोटी अधिक. त्यांच्यावरील मुख्य उपचार याच औषधावर उभा आहे. म्हणून श्रेय नेमके कशाचे, हे तपासायला हवे.

बीजिंगमध्ये संशोधक तु यूयू यांच्या गटाने हिवतापावरील औषधाच्या शोधात सुमारे 200 वनस्पतींचे 380 हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. छिंगहाव या वनस्पतीच्या अर्काने एकदा 68 टक्के परजीवी रोखले, पण पुढच्या फेऱ्यांत 12 ते 40 टक्केच. चौथ्या शतकातील वैद्य गे हाँग यांची कृती काढ्याची नव्हती: मूठभर पाला पाण्यात भिजवायचा, पिळायचा, रस प्यायचा. ती वाचून गटाने उष्णता कमी केली आणि इथर घेतले. 4 ऑक्टोबर 1971 रोजी 191 क्रमांकाचा नमुना 100 टक्के प्रभावी ठरला.

आता अडचणीचा आकडा. शुद्ध आर्टेमिसिनिन वितळते सुमारे 156 अंशांना. म्हणजे 100 अंश त्याला एकट्याने मारत नाहीत. मात्र ते पाण्यात जेमतेम विरघळते, इथरमध्ये सहज. तापमान आणि द्रावक एकदमच बदलले. शिवाय अर्कातला आम्लधर्मी भागही वेगळा काढला. वाळलेल्या पानांत हे द्रव्य 0.01 ते 0.8 टक्के असते, किलोमागे 0.1 ते 8 ग्रॅम. पानापानांत 80 पट तफावत असताना सगळे श्रेय थंडपणाला देणे मला पटत नाही.

आपल्याकडे आयुर्वेदाच्या शार्ङ्गधर संहितेत उष्ण आणि थंड कृतींतला भेद मापासकट आहे. पाच कषायकल्पनांपैकी, म्हणजे वनस्पतीतून औषध काढण्याच्या पद्धतींपैकी, स्वरस (पिळलेला रस), कल्क (वाटण) आणि हिम यांना विस्तव लागत नाही. काढ्यासाठी 16 पट पाणी आटवून आठवा हिस्सा ठेवायचा. हिमासाठी 6 पट पाण्यात औषध रात्रभर भिजवायचे. गे हाँग यांची कृती हिम आणि स्वरस यांच्या मधली.

अर्क काढण्याच्या आजच्या यंत्रांतही द्रावक आणि तापमान जोडीनेच येतात. कार्बन डायऑक्साइड 31 अंशांच्या वर, वातावरणाच्या सुमारे 73 पट दाबापलीकडे द्रावकासारखा वागतो. दाब सोडला की वायू होऊन निघून जातो, अर्क मागे राहतो. 20 किलोहर्ट्झच्या वरच्या ध्वनिलहरी द्रवात बुडबुडे फोडून पेशीभित्ती तोडतात. पण तीच ऊर्जा द्रव तापवते. भांडे बाहेरून थंड ठेवले नाही, तर ‘उष्णतेविना’ काढलेला अर्कही तापलेलाच असतो.