ध्रुव नाही, पण त्रिशंकू आहे!

मंडळी, आपल्या लग्नात नवरीला ध्रुवतारा दाखवायची पद्धत आहे. पण मॉरिशसमध्ये कितीही शोधलात तरी ध्रुव सापडणार नाही! मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांवर, म्हणून तिथे ध्रुव क्षितिजापासून १९ अंश वर दिसतो. पोर्ट लुई दक्षिणेला २० अंशांवर, म्हणून इथे तो कायम क्षितिजाखालीच. १८३४ नंतर मजुरीच्या करारावर बोटीने आलेल्या आपल्या पूर्वजांना तो रोज थोडा खाली जाताना दिसला असणार. विषुववृत्त ओलांडलं आणि तो बुडाला.

मग इथे दिशा कोण दाखवणार? त्रिशंकू! गोष्टीतला त्रिशंकू ना स्वर्गात, ना पृथ्वीवर, मध्येच लटकलेला. कोकणातून तो दक्षिण क्षितिजाशी जेमतेम दिसतो. इथे मात्र मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला चांगला ५० अंश वर असतो.

ओळखायचा कसा? पतंगासारखे चार तारे पाहा. शेजारी नरतुरंगाचे दोन ठळक तारे असले, तर तोच खरा त्रिशंकू. (त्यातला ‘मित्र’ म्हणजे सूर्यानंतरच्या आपल्या सर्वांत जवळच्या शेजाऱ्यांपैकी एक, सुमारे ४.४ प्रकाशवर्षांवर.) आता पतंगाची लांब रेघ पायाकडून साडेचार पट पुढे न्या. तिथे आकाशाचा दक्षिण ध्रुव. तिथे ठळक तारा नाही, पण तिथून सरळ खाली क्षितिजावर आलात की दक्षिण दिशा मिळाली. ताळा हवा? हात लांब करून मूठ धरा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. ती जागा क्षितिजापासून दोन मुठी वर असायला हवी.

जुलैत रात्री वृश्चिक जवळजवळ डोक्यावर येतो. डिसेंबर-जानेवारीत मृग उलटा दिसतो, आणि दक्षिणेला दोन पांढुरके ढग: मॅगेलनचे मेघ. ते ढग नव्हेत, आपल्या शेजारच्या दीर्घिका. मोठा मेघ १ लाख ६० हजार प्रकाशवर्षं दूर. मुंबईतून तो दिसत नाही म्हटलं तरी चालेल.

चला तर मग! अमावास्येच्या आसपास अंगणातले दिवे बंद करा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं द्या, आणि मुलानातवंडांना बाहेर बोलवा. न दिसणाऱ्या ध्रुवाचं नाव त्यांना पाठ आहे. डोक्यावरच्या ताऱ्यांची नावंही कळू देत.