आकडा माणसांचा की कराचा?

गॅझेटियर म्हटले की आपल्यापुढे इंग्रजी अमदानीतील जिल्हावार ग्रंथ उभे राहतात. चीनमध्ये मात्र अशा स्थानिक वृत्तांतांची परंपरा कित्येक शतके जुनी आहे. १९४९ पूर्वीचे आठ हजारांहून अधिक वृत्तांत आज उपलब्ध असून त्यांतील बहुसंख्य छिंग राजवटीतील आहेत. जिल्ह्याचा अधिकारी व स्थानिक विद्वान मिळून ते सिद्ध करीत. पूर, दुष्काळ, पिके, देवळे, शाळा, करभार या साऱ्यांची नोंद त्यांत सापडते.

परंतु नोंद वाचावी कशी? ‘तिंग’ या सदरातील आकडे अभ्यासक दीर्घकाळ प्रौढ पुरुषांची शिरगणती समजत आणि त्यांवरून लोकसंख्येचे हिशेब मांडीत. वस्तुतः तो आकडा करआकारणीचे एकक बनला होता, हे हो पिंग-ती यांनी १९५९ च्या ग्रंथात दाखवून दिले. १७१२ मध्ये तर सम्राट खांगशी यांनी तो करापुरता कायम करून टाकला. माणसे वाढली, आकडा तेथेच राहिला! मात्र याच वृत्तांतांतील पिकांच्या नोंदींवरून मका व रताळे यांचा चीनमधील प्रसार हो यांना उलगडता आला.

तात्पर्य, आकडा कोणी व कशासाठी लिहिला, हे विचारल्यावाचून प्रादेशिक इतिहास लिहू नये. परकीय सत्तेने कारभाराच्या सोयीसाठी सिद्ध केलेल्या आपल्या गॅझेटियरांनाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.