नर्सचं पहिलं वर्ष : अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यात नव्या सिस्टरला कसं तयार करतात?

नर्सिंगचा कोर्स पास झाला, रजिस्ट्रेशन झालं, नोकरीही लागली. पहिल्याच महिन्यात रात्रपाळी. वॉर्डात पंचवीस-तीस पेशंट, सोबतीला एक मावशी आणि अनुभवी सिस्टर दुसऱ्या मजल्यावर. अशात एका आजोबांना धाप लागते. डॉक्टरांना आत्ताच फोन करायचा, की दहा मिनिटं थांबून बघायचं? उशीर केला तर जिवावर बेतेल. उगाच उठवलं तर बोलणी खावी लागतील. पुस्तकात याचं उत्तर असतं, पण त्या घडीला पुस्तक उघडायला वेळ नसतो.

आपल्या तालुक्यातल्या कितीतरी घरांतल्या मुली, आणि आता मुलंही, नर्सिंगला जातात. त्यातल्या जवळपास प्रत्येकाला ही रात्र माहीत आहे. ही अडचण फक्त आपलीच आहे असंही नाही. मार्लिन क्रेमर या अमेरिकी नर्सिंग अभ्यासिकेनं १९७४ साली यावर एक पुस्तकच लिहिलं. कॉलेजमधून थेट वॉर्डात आलेल्या नर्सला जो दणका बसतो, त्याला त्यांनी ‘वास्तवाचा धक्का’ असं नाव दिलं. हा धक्का सोसला नाही की चांगल्या नर्स काम सोडून जातात.

यावर उपाय म्हणून अमेरिकेत पहिल्या वर्षासाठी ‘नर्स रेसिडेन्सी’ सुरू झाली. माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांत ती कशी चालते, आणि त्यातून आपण काय घ्यायचं, ते बघू.

आधी ‘व्हीए’ म्हणजे काय?

आपल्याकडे माजी सैनिकांसाठी ईसीएचएस आहे. १ एप्रिल २००३ पासून ही योजना सुरू आहे. कार्ड दाखवलं की पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी आणि औषधं मिळतात. मोठा आजार असेल तर लष्करी हॉस्पिटलला किंवा करार केलेल्या खासगी हॉस्पिटलला रेफर करतात.

अमेरिकेत हेच काम माजी सैनिकांचं खातं बघतं. त्याला सगळे ‘व्हीए’ म्हणतात. फरक असा की व्हीएची स्वतःची हॉस्पिटलं आहेत, सुमारे १७०. शिवाय गावोगावी लहान दवाखाने आहेत, ते हजाराच्या वर. नोंदणी केलेले माजी सैनिक ९० लाखांहून जास्त. एवढा पसारा चालवायला नर्सही तेवढ्याच लागतात. म्हणून व्हीए हा त्या देशातला नर्सना नोकरी देणारा फार मोठा मालक आहे.

शिकवण्याचं काम व्हीएला नवं नाही. दुसरं महायुद्ध संपलं, लाखो सैनिक घरी परतले आणि डॉक्टर-नर्स कमी पडायला लागले. तेव्हा जनरल ओमर ब्रॅडली हे या खात्याचे प्रमुख होते. १९४६ मध्ये खात्यानं वैद्यकीय कॉलेजांशी हातमिळवणी केली. उपचार तर करायचेच, पण शिकणाऱ्यांनाही इथेच घडवायचं, असं धोरण ठरलं. रेसिडेन्सीचं मूळ त्यात आहे.

नव्या नर्सची रेसिडेन्सी म्हणजे नेमकं काय?

‘रेसिडेंट डॉक्टर’ हा शब्द आपल्याला माहीत आहे. एमबीबीएस झाल्यावर मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करत पुढचं शिकणारा तो रेसिडेंट. नर्सचंही तसंच. फक्त इथे मुदत १२ महिन्यांची.

यातली मुख्य गोष्ट ध्यानात घ्या. ही नर्स विद्यार्थिनी नसते. तिनं पदवी घेतलेली असते, परवान्याची परीक्षा दिलेली असते. तिला पगार मिळतो, फी भरावी लागत नाही. पण तिला पहिल्या दिवसापासून एकटीच्या भरवशावर सोडत नाहीत.

व्हीएमध्ये याचे दोन प्रकार आहेत. एक, हॉस्पिटलनं नोकरीवर घेतलेल्या नव्या नर्ससाठी. पहिल्या वर्षातल्या नर्सना असं प्रशिक्षण द्यायचं, असा आदेश खात्यानं २०११ मध्ये काढला. दुसरा प्रकार नुकत्याच पदवी घेतलेल्या निवडक नर्ससाठी. त्याचा खर्च खात्याचा शिक्षण विभाग उचलतो आणि जागा मोजक्याच असतात.

वर्षभरात साधारण असं चालतं :

१. प्रत्येक नव्या नर्सला एक अनुभवी नर्स जोडून देतात. सुरुवातीला दोघी मिळून तेच पेशंट बघतात. नवीचा हात बसला की तिच्याकडचे पेशंट हळूहळू वाढवतात.

२. ठरलेल्या दिवशी वर्ग असतो. तिथे औषधांचे डोस, पेशंट बिघडत चालल्याची पहिली लक्षणं, डॉक्टरांना फोनवर थोडक्यात काय सांगायचं, ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला काय सांगायचं, यावर काम होतं.

३. पुतळ्यावर सराव होतो. श्वास थांबला, रक्तस्राव सुरू झाला, अशी वेळ मुद्दाम आणतात. चूक झाली तर पुतळ्यावर होते, माणसावर नाही.

४. नव्या नर्स एकत्र बसून मोकळेपणानं बोलतात. पहिला मृत्यू बघितला तेव्हा काय वाटलं, कुठे घाबरले, कुठे चुकले. हे बोलणं फालतू समजत नाहीत. तोही प्रशिक्षणाचा भाग आहे.

५. प्रत्येकीनं वॉर्डातली एखादी अडचण शोधून त्यावर उपाय करून दाखवायचा असतो.

पाचवी गोष्ट वाचून कुणी म्हणेल, नव्या नर्सनं काय उपाय काढायचा? पण याच खात्यातला एक किस्सा ऐका. १९९० च्या दशकात कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात, व्हीए हॉस्पिटलमध्ये स्यू किनिक नावाच्या नर्स होत्या. भाड्यानं घेतलेली गाडी परत करताना त्यांनी बघितलं की तिथला माणूस हातातल्या यंत्रानं बारकोड टिपून क्षणात हिशेब करतो. त्यांच्या मनात आलं, गाडीसाठी हे चालतं तर औषधासाठी का नाही? पेशंटच्या मनगटावर बारकोड, गोळीच्या पाकिटावर बारकोड. दोन्ही जुळले तरच औषध द्यायचं. ही कल्पना पुढे सगळ्या व्हीए हॉस्पिटलांत लागू झाली. चुकीच्या पेशंटला चुकीचं औषध जाऊ नये म्हणून आज जगभरात ही पद्धत वापरतात. सुचली ती वॉर्डात काम करणाऱ्या एका सिस्टरला.

नर्स प्रॅक्टिशनर कोण?

ही नर्सच, पण पुढे शिकलेली. पदवीनंतर पदव्युत्तर किंवा त्याहून वरचं शिक्षण घेतलेली. ती पेशंट तपासते, तपासण्या लिहून देते, निदान करते आणि औषधही लिहून देते. १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे डॉक्टर, या दोघांनी हा कोर्स सुरू केला. कारण साधं होतं. लांबच्या वस्त्यांवर डॉक्टर मिळत नव्हते.

डिसेंबर २०१६ मध्ये व्हीएनं नियम काढला की आपल्या दवाखान्यांत नर्स प्रॅक्टिशनरला डॉक्टरच्या देखरेखीशिवाय तिच्या शिक्षणापुरतं पूर्ण काम करता येईल. अधिकार मोठा, तशी जबाबदारीही मोठी. म्हणून त्यांच्यासाठीही एक वर्षाची रेसिडेन्सी आहे. घरगुती आजार, मानसिक आजार, वृद्धांचे आजार अशा शाखांमध्ये. सुरुवातीला दिवसाला थोडेच पेशंट देतात, प्रत्येक पेशंटबद्दल मोठ्यांशी बोलायला वेळ देतात, मग संख्या वाढवतात.

२०११ मध्ये व्हीएनं पाच ठिकाणी खास शिक्षण केंद्रं काढली : बॉयसी, क्लीव्हलँड, सॅन फ्रान्सिस्को, सिॲटल आणि वेस्ट हेवन. तिथे नर्स प्रॅक्टिशनर, शिकाऊ डॉक्टर, औषधतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ हे एकत्र शिकायला लागले. पुढे एकाच पेशंटसाठी एकत्र राबायचं आहे, तर शिकायचंही एकत्र, असा विचार.

सैनिकाची सेवा वेगळी का?

फौजी माणूस दुखणं सांगत नाही. ‘काही नाही, ठीक आहे,’ एवढंच म्हणतो. गुडघे गेलेले असतात, तोफांच्या आवाजानं कान गेलेले असतात, रात्रीची झोप उडालेली असते. घरचे म्हणतात, स्वभावच तापट आहे. खरं तर ते युद्धाचं ओझं असू शकतं.

म्हणून या रेसिडेन्सीत नव्या नर्सला काही गोष्टी मुद्दाम शिकवतात. तुम्ही कुठे, कधी, कोणत्या कामावर होता, हे विचारायचं. व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या रसायनानं काही आजार जडतात. इराक-अफगाणिस्तानात कचरा जाळण्याच्या खड्ड्यांचा धूर छातीत गेलेला असतो. स्फोटाच्या धक्क्यानं डोक्याला आतून मार बसलेला असतो, वरून जखम दिसत नाही. आणि आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे न घाबरता, न लाजता विचारायचं. असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट माणूस बोलता होतो.

अमेरिकेतल्या माजी सैनिकांपैकी सुमारे चौथा हिस्सा खेड्यापाड्यात राहतो. मोठं हॉस्पिटल लांब असतं. तिथे गावातल्या लहान दवाखान्यातली नर्स किंवा नर्स प्रॅक्टिशनर हाच पहिला आणि कित्येकदा एकमेव आधार असतो.

तिकडे सगळं छान चाललंय असंही समजू नका. २०१४ मध्ये फिनिक्स शहरातल्या व्हीए हॉस्पिटलमध्ये माजी सैनिकांना तपासणीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागत होतं, आणि ही खरी प्रतीक्षा यादी लपवली जात होती, हे उघड झालं. देशभर संताप उसळला, खात्याच्या मंत्र्यांना पद सोडावं लागलं. इमारती आणि योजना कितीही असल्या तरी पेशंटपुढे उभं राहायला शिकलेलं माणूस नसेल तर काही उपयोग नाही, हे त्यातून दिसलं.

आपल्याकडे काय आहे?

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळी आहे. अशा गावांत घरटी फौजी. म्हणजे माजी सैनिकांची सेवा हा आपल्याही घरचा विषय आहे.

आपल्याकडे नर्सिंगच्या कोर्समध्येच इंटर्नशिप असते. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून जाणाऱ्या नर्ससाठी सहा महिन्यांचा वेगळा कोर्स आहे. अतिदक्षता विभागासाठी ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स भारतीय नर्सिंग परिषदेनं आणला, तोही रेसिडेन्सी पद्धतीचा. पण नोकरी लागल्यावर प्रत्येक नव्या नर्सला वर्षभर हात धरून शिकवायचं, अशी सरसकट सोय अजून नाही. कुठे चार दिवस माहिती देतात, कुठे तेवढंही नाही.

मग आपण काय करायचं?

नव्या नर्सनी : नोकरी घेताना पगाराबरोबर तीन प्रश्न विचारा. पहिले तीन महिने माझ्यासोबत कोण असेल? मला किती पेशंट द्याल? एकटीची रात्रपाळी केव्हापासून? या प्रश्नांना उत्तर न मिळणं, हेही एक उत्तरच आहे.

माजी सैनिकांनी आणि घरच्यांनी : दवाखान्यात गेल्यावर फक्त कार्ड पुढे करू नका. सिस्टरला सांगा, मी फौजेत होतो, अमुक ठिकाणी होतो, बर्फात होतो, तोफखान्यात होतो. जुने रिपोर्ट, चालू औषधं सोबत ठेवा. झोप नसेल, मन लागत नसेल तर तेही सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन १४४१६ वर चोवीस तास फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

अमेरिकेला जायचं स्वप्न असलेल्यांनी : तिथे नर्स व्हायचं तर एनक्लेक्स ही परवान्याची परीक्षा आणि व्हिसा, दोन्ही लागतं. व्हीएच्या नोकरीसाठी तर साधारणपणे अमेरिकेचं नागरिकत्व असावं लागतं. तिथल्या सरकारी नोकऱ्यांच्या जाहिराती यूएसएजॉब्स या सरकारी संकेतस्थळावर येतात आणि अर्जाला एक पैसाही लागत नाही. त्यामुळे ‘सैनिकांच्या हॉस्पिटलात रेसिडेन्सी लावून देतो, आधी पैसे भरा,’ असं कुणी म्हणालं तर जमीन गहाण टाकण्याआधी दहा वेळा विचार करा.

आणि ज्यांच्या हाती वॉर्ड आहे त्या मोठ्या सिस्टरना एवढंच. रेसिडेन्सीला इमारत लागत नाही. नव्या मुलीला पहिल्या रात्री, ‘काही वाटलं तर मला उठव, मी रागावणार नाही,’ असं सांगायलाही पैसे लागत नाहीत. त्या एका वाक्यावर धाप लागलेल्या आजोबांचा जीव वाचू शकतो. ते आजोबा कदाचित सीमेवर आपल्यासाठी जागलेले असतील.

ही माहिती नर्सिंगला असलेल्या मुलामुलींपर्यंत आणि गावातल्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर जरूर पोहोचवा.