चियांग माईची रातगाडी

बँकॉक पाहून तेथूनच परतीचे विमान धरायचे, हा थायलंडला जाणाऱ्या मराठी कुटुंबांचा रूढ शिरस्ता. दोन दिवस हाताशी असतील, तर उत्तरेकडील चियांग माई हे शहर मात्र वाट वाकडी करून पाहण्याजोगे आहे. बँकॉकहून विमान तेथे सव्वा तासात पोहोचते. रेल्वेला 751 किलोमीटरसाठी सुमारे साडेबारा तास लागतात. तरीही मुलेबाळे बरोबर असल्यास रात्रीच्या गाडीचाच विचार करावा. हॉटेलची एक रात्र वाचते, हे त्याचे दुय्यम कारण.

जुनी माहितीपुस्तके प्रवाशांना हुआ लम्फोंग स्थानकावर धाडतात. जानेवारी 2023 पासून लांब पल्ल्याच्या गाड्या क्रुंग थेप अफिवत या नव्या, अवाढव्य स्थानकातून सुटतात. सामानसुमान आणि आजी-आजोबा यांच्यासह चुकीच्या स्थानकावर उतरणे महागात पडू शकते.

दुसऱ्या वर्गाच्या वातानुकूलित शयनयानाची रचना आपल्याकडील ‘साइड लोअर’ आणि ‘साइड अपर’सारखी असते, फरक इतकाच की ती मार्गिकेच्या दोन्ही अंगांना असते. समोरासमोरच्या दोन आसनांचा बिछाना रेल्वेचा कर्मचारीच घालून देतो. प्रत्येक बर्थला पडदा असतो. खालचा बर्थ अधिक रुंद, खिडकीचा आणि थोडा महाग. मुलांसाठी तोच घ्यावा.

सुरक्षिततेचा प्रश्न आईवडिलांच्या मनात येणारच. 2014 मध्ये दक्षिणेकडून बँकॉकला येणाऱ्या रातगाडीत तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिची हत्या करण्यात आली. आरोपी रेल्वेचाच कर्मचारी निघाल्याने देश हादरला. त्यानंतर गाड्यांत आणि स्थानकांवर मद्यबंदी लागू झाली, काही रातगाड्यांना स्त्रिया व मुलांसाठी स्वतंत्र डबाही जोडण्यात आला. सगळे पुरुष वेगळे पडणार असले, तरी आई आणि मुलांना हा पर्याय उपलब्ध आहे का, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.

पहाटे मात्र मुलांना उठवावे. गाडी तेव्हा डोंगर चढत असते आणि खुन तान येथे 1,352 मीटर लांबीच्या बोगद्यात शिरते. हे काम 1907 मध्ये जर्मन अभियंत्यांच्या देखरेखीखाली सुरू झाले. 1917 मध्ये सयामने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारताच तेच अभियंते कैदेत गेले. पुढे 1918 मध्ये बोगदा पूर्ण झाला आणि काही वर्षांतच रूळ चियांग माईला भिडले. तोवर बँकॉकहून नदीमार्गे येथे यायला कित्येक आठवडे लागत. लान्ना हे एकेकाळचे स्वतंत्र राज्य बँकॉकशी घट्ट बांधले गेले, त्यात या लोहमार्गाचा वाटा मोठा आहे.

लान्नाची ही राजधानी राजा मंगराय याने 1296 मध्ये वसवली. चियांग माई म्हणजे ‘नवे नगर’. खंदकाने वेढलेले चौकोनी जुने शहर पायी पाहता येते. त्यात वाट चेदी लुआंग चुकवू नये. ‘चेदी’ म्हणजे आपले चैत्य. 1545 च्या भूकंपात या प्रचंड स्तूपाचा माथा कोसळला. तो आजही तसाच भग्न आहे. बँकॉकच्या राजवाड्यात पाहिलेली पाचूची बुद्धमूर्ती पंधराव्या शतकात येथे होती, हे मुलांना सांगितले की त्या विटांकडे ती निराळ्या नजरेने पाहतात.

दोई सुथेप या डोंगरावरील मंदिरासाठी लाल ‘सोंगथाव’ घ्यावी. मागे समोरासमोर दोन बाकडी असलेली ही गाडी म्हणजे तिथली वडापच. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. ‘सुथेप’ म्हणजे सुदेव. क्रुंग थेपमधील ‘थेप’ हाही आपला देवच. डोंगरावरचा रस्ता 1935 मध्ये क्रुबा श्रीविचाय या भिक्षूच्या हाकेवर लोकांनी श्रमदानाने बांधला. नागांच्या कठड्याच्या तीनशेहून अधिक पायऱ्या ज्येष्ठांना झेपणार नसतील, तर तारेवर ओढली जाणारी लिफ्ट आहे.

शाळांच्या मार्च-एप्रिलमधील सुटीत मात्र हा बेत आखू नये. त्या सुमारास शेते आणि जंगले जळत असल्याने शहरावर धुराचा थर साचतो, डोंगर दिसेनासा होतो आणि दम्याच्या रुग्णांना त्रास होतो. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ उत्तम. दिवाळीच्या सुटीत जायचे, तर खालचे बर्थ आधीच राखून ठेवावे लागतात.