डिझेल वाहनांतील थंड प्रारंभ आणि इंजिनाची झीज

थंड प्रारंभ किंवा कोल्ड स्टार्ट म्हणजे पूर्णपणे निवलेले इंजिन चालू करणे. येथे 'थंड' हा शब्द हवामानाचा नसून इंजिनाच्या अवस्थेचा आहे. चालत्या डिझेल इंजिनातील शीतक द्रवाचे तापमान साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सियस असते. रात्रभर उभ्या असलेल्या वाहनाचे इंजिन मात्र भोवतालच्या हवेइतके निवते. त्यामुळे पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या उबदार तालुक्यांतही सकाळचा पहिला प्रारंभ हा थंड प्रारंभच असतो. 'आपल्याकडे थंडी नाही, तेव्हा हा प्रश्नही नाही' हा समज म्हणूनच अर्धाच खरा आहे.

झिजेची कारणे

इंजिन बंद झाल्यावर बरेचसे वंगणतेल ऑईल पॅनमध्ये, म्हणजे मेकॅनिकांच्या बोलीतील 'चेंबर'मध्ये, उतरते. क्रँकशाफ्ट फिरू लागल्यावरच तिच्या व बेअरिंगच्या दरम्यान तेलाचा भार पेलणारा थर तयार होतो. प्रारंभाच्या क्षणी वेग आणि तेलाचा पुरवठा दोन्ही अपुरे असल्याने धातूला धातू घासतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. थंड सिलिंडर ही उष्णता शोषून घेतो. परिणामी ज्वलन उशिरा व अपुरे होते, आवाज कर्कश येतो, कधी पांढरा धूर दिसतो. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन नेते आणि चेंबरमधील तेलही पातळ करते.

याहून दुर्लक्षित कारण गंजाचे आहे. ज्वलनात निर्माण होणारी वाफ थंड भिंतीवर साकळते व गंधकाच्या ऑक्साइडांशी मिळून आम्ल बनते. १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये सी. जी. विल्यम्स यांनी केलेल्या प्रयोगांतून, भिंत थंड असताना होणाऱ्या झिजेत या गंजाचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. भारतात एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकानुसार डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्षात ५० भागांवरून १० भागांवर आली. आम्लाचा उपद्रव त्यामुळे घटला, पाण्याचा राहिलाच.

एकूण झिजेपैकी ७५ टक्के झीज इंजिन तापेपर्यंतच होते, असे वंगणतेलाच्या जाहिरातींत आढळते. सर्व इंजिनांना व सर्व प्रकारच्या वापरांना लागू पडेल असा एकच आकडा मात्र असू शकत नाही.

डहाणू व तलासरीतील स्थिती

लडाखसारख्या प्रदेशात डिझेलच गोठू लागते. तेथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑईलने २०१९ मध्ये आणले. किनाऱ्यावर ही अडचण नाही. १५डब्ल्यू-४० हे प्रचलित तेल येथील पहाटेच्या तापमानाला सहज वाहते. येथे प्रश्न आहे तो वापराच्या पद्धतीचा. तलासरीतून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४८ वरील मालमोटारी तासन्‌तास तापलेल्या असतात. त्यांच्या हजारो किलोमीटरमागे थंड प्रारंभ थोडेच. याउलट चिकूच्या वाडीतून दोन-चार किलोमीटरवर माल पोहोचवून दिवसभर उभा राहणारा टेम्पो पुरता तापतच नाही आणि तेलात साचलेले पाणी उडून जात नाही. अशा वाहनाचे मीटर कमी किलोमीटर दाखवते, पण इंजिन अधिक झिजलेले असू शकते. केवळ किलोमीटर पाहून तेल बदलणारा मालक येथे फसतो. तेल मुदतीनुसारही बदलावे लागते.

वाहनांचा हा नियम मासेमारी नौकांच्या डिझेल इंजिनांनाही लागू पडतो. सामान्यतः १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीत नौका किनाऱ्याला लागतात. दोन महिन्यांत तेलाचा थर ओघळतो आणि खाऱ्या, दमट हवेने उघड्या धातूवर गंज धरतो. म्हणून बंदीनंतर पहिल्यांदा इंजिन चालू करण्यापूर्वी इंधन बंद ठेवून ते काही फेरे फिरवणे हिताचे असते; तेल आधी पोहोचते, ज्वलनाचा दाब नंतर येतो.

दक्षता

हीटर प्लग असलेल्या वाहनात त्याचा दिवा विझल्यावरच स्टार्टर मारावा. इंजिन चालू होताच रेस करणे सर्वांत घातक. टर्बोचार्जरच्या बेअरिंगांना त्या वेळी पुरेसे तेल मिळालेले नसते. उलट, गाडी 'गरम करण्यासाठी' दहा-पंधरा मिनिटे उभ्यानेच चालू ठेवण्याची सवयही उपयोगाची नाही, कारण भाराविना डिझेल इंजिन फार सावकाश तापते आणि थंड भिंतींचा काळ लांबतो. तेलदाबाचा दिवा विझल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून पहिले काही किलोमीटर कमी भाराने चालवणे पुरेसे ठरते.