पाण्याचा रेणू वाकडा का?

कार्बन डायऑक्साइड आणि पाणी या दोन्हींच्या रेणूंत तीन-तीन अणू असतात. मध्ये एक आणि त्याला जोडलेले दोन. तरीही पहिला रेणू सरळ असतो आणि दुसरा वाकडा. फळ्यावर आपण दोन्ही एकाच ओळीत लिहितो, त्यामुळे हा फरक विद्यार्थ्यांच्या ध्यानात येत नाही.

रेणूचा आकार मधल्या अणूच्या बाह्यतम कवचातील इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांवर अवलंबून असतो, हा विचार सिजविक आणि पॉवेल यांनी 1940 मध्ये मांडला. 1957 मध्ये गिलेस्पी आणि नायहोम यांनी त्याला नियमांचे रूप दिले. मूळ कल्पना साधी आहे : या जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या दूर राहतात.

हे वर्गात फुग्यांनी दाखवता येते. सारख्या आकाराचे दोन फुगे तोंडाशी बांधले, की ते एका रेषेत येतात. तीन फुग्यांचा सपाट त्रिकोण होतो. चार फुग्यांची मात्र सपाट फुली होत नाही. ते चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळतात. कारण फुलीत शेजारच्या फुग्यांत 90 अंशांचाच कोन असतो, तर चतुष्फलकात तो 109.5 अंश होतो.

आता जोड्या मोजू. दुहेरी बंध एकच गट धरायचा. कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बनभोवती दोन दुहेरी बंध, म्हणजे दोनच गट. म्हणून रेणू सरळ. मिथेनमध्ये चार बंध, म्हणून कोन 109.5 अंश. अमोनियात नायट्रोजनच्या पाच बाह्य इलेक्ट्रॉनांपैकी तीन बंधांत गुंततात आणि उरलेल्या दोघांची एकाकी जोडी होते. पाण्यात ऑक्सिजनवर अशा दोन एकाकी जोड्या असतात. त्या दिसत नसल्या तरी जागा अडवतात, आणि बंधांतील जोड्यांपेक्षा जास्तच अडवतात, कारण त्यांना एकाच अणुकेंद्राचे आकर्षण असते. म्हणून अमोनियात कोन सुमारे 107 अंशांवर येतो आणि पाण्यात 104.5 अंशांवर.

हा वाकडेपणा फार मोलाचा आहे. त्यामुळे पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित ऋण आणि दुसरी किंचित धन राहते. पाण्यात मीठ विरघळते ते या ध्रुवीयतेमुळे. रेणू सरळ असता, तर कार्बन डायऑक्साइडप्रमाणेच दोन बाजूंचे परिणाम एकमेकांना छेदून गेले असते.

मात्र या नियमाची मर्यादाही सांगायला हवी. कोन 109.5 अंशांहून कमी असेल एवढेच तो सांगतो, किती कमी ते नाही. हायड्रोजन सल्फाइडमध्येही दोन एकाकी जोड्या आहेत, पण कोन सुमारे 92 अंश आहे.

विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर द्यावा : सल्फर डायऑक्साइडचा रेणू सरळ असेल की वाकडा? सल्फरच्या बाह्यतम कवचात सहा इलेक्ट्रॉन असतात, एवढी माहिती उत्तर काढायला पुरेशी आहे.