वायांगच्या आठवड्यात जन्मलेले मूल

मूळ नक्षत्रावर मूल जन्मले की आपल्याकडे बारशाच्या आधीच कुजबूज सुरू होते. शांत करतात, दानधर्म होतो. पण ‘मुळावरचा’ हा शब्द त्या जिवाला पुढे कित्येक वर्षे चिकटून राहतो. गाणे शिकवताना अशी मुले माझ्यासमोर बसली आहेत. त्यांच्या प्रत्येक हट्टाचे कारण घरची मंडळी पंचांगात शोधतात. अशा वेळी मला बाली बेटावरच्या एका जन्मकाळाची हटकून आठवण होते.

इंडोनेशियातल्या या बेटावर बहुसंख्य लोक आजही हिंदू आहेत. त्यांच्याकडे शकवर्षाची गणना आहे, आणि तिच्या जोडीला ‘पवुकोन’ नावाचे २१० दिवसांचे निराळे चक्रही आहे. त्यात सात-सात दिवसांचे तीस ‘वुकू’ असतात. वारांची नावे तर आपल्या शेजारघरची वाटावीत: रेदिते, सोम, अंगार, बुद, व्रस्पति, सुक्र, सनिस्चर. म्हणजे आदित्यापासून शनैश्चरापर्यंत सारे हजर! याखेरीज पाच दिवसांचा एक ‘आठवडा’ सोबत चालतो: उमानिस, पाइंग, पोन, वागे, क्लिवोन.

तालाच्या माणसाला हे चटकन उमगते. सात मात्रांचे व पाच मात्रांचे आवर्तन एकाच वेळी सुरू केले, तर दोघांची सम ३५ मात्रांनी एकत्र पडते. सनिस्चर आणि क्लिवोन यांचा योगही तसाच ३५ दिवसांनी येतो. त्याला ‘तुंपेक’ म्हणतात. एका चक्रात असे सहा तुंपेक. त्यांपैकी तुंपेक क्रुलुत हा वाद्यांचा दिवस. त्या दिवशी गामेलानच्या वाद्यांपुढे नैवेद्य मांडतात. माझे वडील दरबारी गवई होते. दसऱ्याला तंबोरे-तबल्यांची पूजा झाल्यावाचून आमच्या घरी पान वाढले जात नसे. त्यामुळे हा तुंपेक मला परका वाटत नाही.

मुलाचा वार, पंचवार आणि वुकू यांवरून त्याचा ‘ओतोनान’ हा जन्मदिन ठरतो. तो दर २१० दिवसांनी येतो. म्हणजे सात वर्षे भरण्याआधीच बारा वेळा! प्रत्येक वाराला अंक दिलेला असतो. सनिस्चराचे ९ व क्लिवोनचे ८, मिळून १७. अशा बेरजांवरून स्वभाव वर्ततात, विवाहाचा मेळ पाहतात. वार-पंचवारांच्या ३५ जोड्यांना ३५ तारकाचिन्हे आहेत. त्यांचे चौकटी-चौकटींचे पट कापडावर रंगवतात. कामासान गावची ही चित्रशैली नावाजलेली आहे.

तीस वुकूंपैकी सत्ताविसावा तो वायांग. वायांग म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ. कोकणात पिंगुळीच्या ठाकरांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्याची कल्पना सहज येईल. जावा-बालीच्या परंपरेत या वुकूची देवता श्री, म्हणजे धान्यलक्ष्मी, आणि त्याचे झाड चाफा. लक्षणे शुभच म्हणायची. तरीही बालीत या आठवड्यात जन्मलेल्या मुलाची फार धास्ती घेतात. ते तापट निघेल, त्याच्यावर संकटे येतील, असे मानतात.

याचे कारण एका कथेत आहे. नावे आपल्या ओळखीची, कथा मात्र तिथली. शिवपुत्र काल हा सदा भुकेला राक्षस. वायांग आठवड्यात जन्मलेल्यांना खाण्याची त्याला मुभा मिळाली. त्याचा धाकटा भाऊ कुमार नेमका त्याच आठवड्यात जन्मला. जीव घेऊन पळत असता तो गवताच्या पेंढीत लपला, लाकडांच्या मोळीत लपला. शेवटी रात्रीच्या छायाखेळाशी पोचला. खेळ करणाऱ्या दालांगने त्याला गेंदेर वाद्याच्या वेळूच्या नळीत दडवले. मागून आलेल्या कालाने भुकेपोटी खेळाचा नैवेद्यच खाऊन टाकला. दालांगने तो परत मागितला. आता गिळलेले परत कोठून आणणार? त्या ऋणापोटी कालाला कुमाराला सोडावे लागले.

म्हणून आजही अशा मुलासाठी ‘सापुह लेगेर’ हा खास छायाखेळ करवतात व दालांगने मंत्रून दिलेले पाणी त्याच्यावर शिंपडतात. त्या पाण्याला शब्द आहे ‘तीर्त’. तो आपल्याला समजावून सांगायला नको. एकट्या घराला खर्च झेपत नसेल, तर अनेक घरे मिळून सामुदायिक विधी करतात.

कुमार ज्यात लपला त्या वाद्याविषयी थोडे सांगतो. गेंदेरला काशाच्या दहा पट्ट्या, आणि प्रत्येकीखाली वेळूची पोकळ नळी. ही नळी काढली तर पट्टी नुसती टणटणेल. तिचा नाद घुमतो तो त्या पोकळीत. शिवाय वाद्ये जोडीने लावतात, आणि जोडीतले एक दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित चढे ठेवतात. आपण त्याला बेसूर म्हणू. तिकडे मात्र त्या फरकातून उठणाऱ्या लहरीलाच नादाचा जीव समजतात.

ज्योतिष खरे की खोटे, हा वाद मी येथे उकरून काढत नाही. मला मोल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. कथेत कोणीही कुमाराला ‘तुझा जन्मच वाईट’ असे सुनावत नाही. त्याला लपायला जागा देतात, आणि त्याच्या भोवतीची माणसे रात्रभर वाजवतात. अवघड वेळी जन्मल्याचे ओझे मुलाने वाहायचे नसते. ते गावाने वाटून घ्यायचे असते. आपल्या घरांतही शांतीचे होमहवन आहे, मंत्र आहेत. मात्र विधी आटोपल्यावर आपण तो शब्द खरोखर मागे घेतो काय? ‘मुळावरचा’ म्हणून हिणवलेले मूल तंबोऱ्याशी घट्ट टेकून बसले, की मी त्याला आणखी थोडा वेळ छेडू देतो. कोण जाणे, त्या भोपळ्याच्या पोकळीतही एखाद्या कुमाराला पुरेल इतकी जागा असेल.